निघालेला माल, पोहोचलेला माल

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ११२ व्या कलमात छोट्या संघटित गुन्ह्यांची यादी आहे. त्या यादीत पाकीटमारी आणि एटीएमच्या चोरीशेजारी मालवाहतुकीतल्या चोरीचा नावानिशी उल्लेख आला आहे. ३०५ व्या कलमाने वाहनातून माल चोरणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद केली. जुन्या दंड संहितेत वाहतूकदाराने केलेल्या विश्वासघातासाठी ४०७ कलम होतं, तेही सात वर्षांचं. ताडपत्री फाडून चालत्या ट्रकमधून खोकी उतरवणाऱ्याला मात्र साध्या चोरीचं ३७९ लागायचं, तीन वर्षांचं. म्हणजे कायद्याने या प्रश्नाची दखल उशिरा का होईना घेतली. हा प्रश्न किती मोठा आहे, कुठे मुरला आहे आणि त्याला उपाय काय, यावर मात्र पोलीस, वाहतूकदार, पुरवठा खातं, अर्थशास्त्राचे अभ्यासक आणि भटक्या-विमुक्तांमध्ये काम करणारे कार्यकर्ते यांचं एकमत नाही. ती मतं इथे नांदेड-लातूर पट्ट्याच्या, आणि विशेषतः बिलोलीच्या अंगाने मांडली आहेत.

बिलोली का, तर हा तालुका राज्याच्या कडेला आहे आणि माल दोन्हीकडून येतो-जातो. मांजरेवरचा येसगीचा पूल ओलांडला की तेलंगणातलं साळूरा लागतं, पुढे बोधन आणि निजामाबाद. शेजारी धर्माबादची लाल मिरचीची बाजारपेठ, खाली देगलूर, वर नरसी-नायगावकडे नांदेड-हैदराबाद महामार्ग. लातूरचा तुरीचा आणि सोयाबीनचा भाव देशभरचे व्यापारी विचारतात. या पट्ट्यातून जाणारा माल मुख्यतः पोत्यातला आहे: तूर, हरभरा, सोयाबीन, मिरची, तांदूळ. त्याशिवाय नदीतली वाळू. मोबाइल आणि औषधांची खोकी इथून फारशी निघत नाहीत, त्यामुळे इथली चोरीही मुंबई-पुण्याच्या गोदामांतल्या चोरीसारखी नाही.

मागचा रस्ता

दख्खनचा माल रेल्वे येईपर्यंत बैलांच्या पाठीवरून फिरला. लमाण तांडे धान्य आणि मीठ वाहून नेत. १८०३ च्या मोहिमेत वेलस्लीच्या फौजेची रसदही त्यांच्यावर अवलंबून होती. तांडा मोठा आणि हत्यारबंद असे, कारण वाटेत लूट होई. त्याच काळातल्या ठगीच्या कथा पुढे जगभर वाचल्या गेल्या. त्या गाजवणारा मेडोज टेलर निजामाच्या चाकरीत होता आणि पुढे नळदुर्गला कारभारी म्हणून राहिला. ठग हा खरोखरच एक संघटित पंथ होता, की वेगवेगळ्या वाटमाऱ्यांना कंपनी सरकारने एकच नाव देऊन मोठा शत्रू उभा केला, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. हा वाद जुना वाटला तरी त्याचं शेपूट आजच्या पोलीस ठाण्यापर्यंत येतं. त्याकडे पुढे येऊच.

निजामी राजवटीत सरहद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके होते. मात्र तेव्हा बिलोली सरहद्दीवर नव्हती. नांदेड आणि निजामाबाद हे दोन्ही हैदराबाद संस्थानाचेच जिल्हे. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली, नांदेड जिल्ह्यातली बिच्कुंदा, जुक्कल, मुधोळ, भैंसा, कुबेर ही मंडळं तेलुगू भागाला गेली आणि मांजरेच्या मधोमध राज्याची हद्द आली. सोयरीक, बाजार, दोन्ही भाषा बोलणारे हमाल हे सगळं तसंच राहिलं. बदलले ते धान्याचे सरकारी भाव, रेशनचं प्रमाण, वाळूची रॉयल्टी आणि पोलिसांची हद्द. एकाच मालाला दोन्ही काठांवर वेगळी किंमत मिळू लागली की माल हलतो. सीमाभागातल्या तस्करीची सुरुवात इथे आहे.

२०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके उठले. त्यांच्या जागी २०१८ पासून ई-वे बिल आलं. ते आंतरराज्य वाहतुकीला ५० हजारांच्या वर, तर महाराष्ट्राच्या आत १ लाखाच्या वर लागतं. २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला. ट्रक कोणत्या टोलवरून किती वाजता गेला, हे आता नोंदलं जातं. पण खुला तांदूळ, गहू, ज्वारी, डाळ मोठ्या पोत्यांत जात असेल तर त्यावर जीएसटी नाही, आणि करमुक्त मालाला ई-वे बिलही लागत नाही. मराठवाड्यातून जाणाऱ्या मालातला मोठा हिस्सा त्यामुळे या नोंदीच्या बाहेरच राहिला आहे.

रस्त्यावरची चोरी

सर्वांना दिसते ती महामार्गावरची चोरी. सोलापूर-धुळे महामार्गावर येडशी, येरमाळा, तेरखेडा ते मांजरसुंबा या टापूतल्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. चढावर ट्रकचा वेग कमी होतो. मागून आलेल्या वाहनावरून कुणीतरी ट्रकवर चढतो, ताडपत्री फाडतो, माल खाली टाकतो आणि मागची गाडी तो उचलते. चालकाला पत्ता लागतो तो पुढच्या ढाब्यावर, तोवर तो दुसऱ्या जिल्ह्यात पोहोचलेला असतो. गुन्हा कुठे घडला हेच त्याला सांगता येत नाही. पूर्वी अशा वेळी एक ठाणं दुसऱ्याकडे बोट दाखवी. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाने हद्द न बघता गुन्हा नोंदवून घेणं बंधनकारक केलं आहे. तरीही ज्या चालकाला सकाळी माल पोहोचवायचा आहे, तो ठाण्यात चार तास बसण्यापेक्षा तूट स्वतःच्या भाड्यातून भरून देणं पसंत करतो.

दुसरा प्रकार आडतीवरच सुरू होतो. गाडी परत रिकामी जाऊ नये म्हणून मालक दलालामार्फत परतीचं भाडं शोधतो. दलाल फोनवर गाडी ठरवतो, परवान्याचा आणि आरसीचा फोटो मोबाइलवर येतो, माल भरला जातो आणि गाडी निघते. दोन दिवसांनी चालकाचा फोन बंद. गाडीवरची नंबरप्लेट दुसऱ्याच कुठल्या ट्रकची निघते, परवाना बनावट. कुलूप तुटत नाही, मारहाण होत नाही. व्यापाऱ्याने स्वतःच्या हमालांकडून माल भरून दिलेला असतो. अमेरिकेतही हल्ली हाच प्रकार वाढला आहे. तिथल्या कार्गोनेट या नोंदसंस्थेने २०२४ मध्ये ३,६२५ घटना मोजल्या, आदल्या वर्षापेक्षा २७ टक्के जास्त, आणि खोटी ओळख दाखवून माल उचलण्याकडे वाढीचं एक कारण म्हणून बोट दाखवलं. फरक इतकाच की तिथे मोजदाद ठेवणारी संस्था आहे.

सशस्त्र लूट या पट्ट्यात त्या मानाने कमी. ऑक्टोबर २०२० मध्ये तमिळनाडूतल्या शूलगिरीजवळ मोबाइलने भरलेला ट्रक लुटला गेला. दहा कोटींहून जास्त किमतीचा माल गेला आणि तपास मध्य प्रदेशात देवासपर्यंत पोहोचला. असे गुन्हे माल छोटा, महाग आणि कुठेही खपणारा असेल तर घडतात. सोयाबीनची पोती पळवायला तेवढी धडाडी लागत नाही, आणि तेवढा फायदाही नाही. शेतमालाची चोरी भावाच्या मागे जाते. २०१९ मध्ये कांदा महागला तेव्हा चाळीतून कांदा गेला, जुलै २०२३ मध्ये बंगळुरूत टोमॅटोची गाडीच पळवली. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं, तेव्हा इकडचे शेतकरी आणि गोदामवाले रात्रीची राखण करू लागले. भाव चार-साडेचार हजारांवर आल्यावर राखणही सुटली.

पोत्यातली चोरी

तिसरा प्रकार इतका रोजचा आहे की त्याला कुणी चोरी म्हणत नाही, तूट म्हणतात. पंधरा टनांच्या गाडीत पन्नास किलोची तीनशे पोती बसतात. प्रत्येक पोत्यातून एकेक किलो काढला तर तीन क्विंटल माल जातो, आणि एकाही पोत्याची शिवण उसवत नाही. दाणा तपासायला पोत्यात खुपसतात त्याच टोकदार नळीने दाणे काढतात, आणि नळी काढली की त्या जागी ताग पुन्हा मिटतो. वजन भरायचं असेल तर तांदळावर पाणी शिंपडतात. उतरवून घेणारा काटा करतो, दोन-तीनशे किलोंची घट निघते, थोडी घासाघीस होते आणि ती घट चालकाच्या भाड्यातून वळती होते. कोणाच्या काट्यात फरक होता, हे ठरवणारा कुणी नसतो.

याच्या दोन बाजू आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. व्यापारी म्हणतात, चालक आणि क्लीनर वाटेत माल विकतात, डिझेलही विकतात. चालक म्हणतात, भरतानाच माल कमी भरला जातो, उतरवताना काटा मारला जातो आणि मधे सापडतो तो आम्ही. भरताना आणि उतरवताना दोन्हीकडे तिसऱ्याच्या काट्यावर वजन केलं तर हा वाद बऱ्याच अंशी मिटेल. पण त्याचे पैसे आणि वेळ कुणी द्यायचा, यावर गाडी अडते.

कृष्णूर

या भागातला सर्वांत गाजलेला प्रसंग महामार्गावरच्या दरोड्याचा नाही. जुलै २०१८ मध्ये नांदेड पोलिसांनी नायगाव तालुक्यातल्या कृष्णूर औद्योगिक वसाहतीत, एका धान्यप्रक्रिया कारखान्यात, सरकारी गहू-तांदळाचे दहा ट्रक पकडले. कुंटूर पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. तपास पुढे सीआयडीकडे गेला, महसूल आणि पुरवठा खात्यातल्या माणसांवरही आरोप झाले आणि २०२१ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने अटक केली. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवील. आढाव्याच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते आरोपाचं स्वरूप: अन्न महामंडळाच्या गोदामातून रीतसर निघालेल्या, रेशन दुकानांसाठीच्या गाड्या दुकानांऐवजी कारखान्याच्या फाटकातून आत गेल्या. कुणी त्या अडवल्या नाहीत, पळवल्या नाहीत. तपासाचा भर त्यामुळे पावत्या, गेटपास, वाहनांचे क्रमांक आणि बँकेच्या खात्यांवर राहिला.

रेशनचं धान्य तीन टप्प्यांनी जातं. महामंडळाच्या गोदामातून तालुक्याच्या सरकारी गोदामात, तिथून द्वारपोच गाडीने दुकानात, आणि दुकानातून कार्डधारकाच्या घरात. कृष्णूरचं प्रकरण पहिल्या टप्प्यावरचं. त्यानंतर गाड्यांवरच्या जीपीएसकडे जास्त लक्ष दिलं जाऊ लागलं. ई-पॉस यंत्राने दुकानातली खोटी नोंद अवघड केली. राज्यात याआधी, २०१५ मध्ये, नाशिक जिल्ह्यातल्या रेशन धान्याच्या अपहारात मोक्कासारखा कडक कायदाही वापरून झाला होता.

मग गळती तिसऱ्या टप्प्याकडे सरकली का? सीमाभागातले निरीक्षक तसं म्हणतात. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. तेलंगणात माणशी ६ किलो तांदूळ. ज्या घरात दोन वेळा ज्वारीची भाकरी होते, किंवा ज्यांना रेशनचा जाड तांदूळ आवडत नाही, ते त्यातला काही भाग गल्लीत दुचाकी घेऊन येणाऱ्याला विकतात. दुचाकीवरून तो छोट्या टेंपोत जातो, टेंपोतून ट्रकमध्ये आणि ट्रक हद्द ओलांडतो. गिरणीत पॉलिश होऊन तोच तांदूळ बाजारात येतो, किंवा त्याहून चमत्कारिक म्हणजे पुन्हा सरकारी गोदामात जातो. गिरणीवाल्याला सरकार धान देतं आणि क्विंटलमागे सुमारे ६७-६८ किलो तांदूळ परत मागतं. धान परस्पर विकून टाकलेल्या गिरणीवाल्याला हा तांदूळ कुठून तरी भरून द्यावा लागतो, आणि सर्वांत स्वस्त तांदूळ रेशनचा असतो. एकच पोतं सरकारच्या हिशेबात दोनदा खरेदी होतं. साळूऱ्याच्या आणि देगलूर-मद्नूरच्या रस्त्यांवर पकडल्या जाणाऱ्या तांदळाच्या गाड्यांमागचं हे गणित आहे.

ही चोरी आहे का, यावरच मतभेद आहेत. पुरवठा खात्याच्या मते अनुदानित धान्याची खरेदी-विक्री हा जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ खालचा गुन्हा आहे. अन्नाच्या हक्कासाठी काम करणारे म्हणतात, घरात आलेलं धान्य त्या कुटुंबाचं झालं, दहा किलो तांदूळ विकून तेल-मीठ आणणाऱ्या बाईला चोरांच्या साखळीत धरू नका, साखळी तिच्या पुढे सुरू होते. रेशन दुकानदारांची बाजू तिसरीच: क्विंटलला १५० रुपयांचं कमिशन २०२५ मध्ये १७० झालं, एवढ्यात दुकानाचं भाडं आणि हमाली सुटत नाही, आणि गोदामातून येणारं पोतंच कमी वजनाचं असतं. माझ्या मते पहिल्या दोन बाजूंमधली रेघ कायद्याने स्पष्ट ओढलेली नाही. तोपर्यंत पोलीस सोपी माणसं पकडत राहणार.

वाळू वेगळी मोजायची का?

बिलोलीत मालचोरीचा विषय काढला की लोक आधी वाळूवर बोलतात. सगरोळी, येसगी, गंजगाव, बोळेगाव या मांजरेकाठच्या गावांतली लाल वाळू नांदेडपासून हैदराबादपर्यंत जाते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्ली सरकार विरुद्ध संजय या निकालात सांगितलं की विनापरवाना वाळू उपसा हा खनिज कायद्याचा भंग तर आहेच, शिवाय दंड संहितेखालची चोरीही आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमाखाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि वाहनजप्ती होते. तरीही पुरवठा साखळीचे अभ्यासक वाळूला मालचोरीत धरत नाहीत, कारण ती वाटेत चोरीला जात नाही, नदीतच जाते. महसूल अधिकाऱ्यांचा अनुभव याच्या उलट सांगतो. परवानगीच्या घाटातून निघालेल्या हायवामध्ये पावतीवर लिहिलेल्यापेक्षा जास्त ब्रास असतात, आणि एकाच पावतीवर अनेक खेपा होतात अशा तक्रारी आहेत. म्हणजे इथेही चोरी कागदाच्या आडून होते.

धोरण हेलकावे खात आलं आहे. २०२३ मध्ये सरकारने लिलाव बंद करून ६०० रुपये ब्रासने सरकारी डेपोतून वाळू द्यायचं ठरवलं. एप्रिल २०२५ मध्ये डेपो बंद करून पुन्हा लिलावाकडे वळलं, घरकुलांसाठी दहा टक्के वाळू राखून. डेपोचे समर्थक म्हणतात, योजनेला पुरेसा वेळच मिळाला नाही. विरोधक म्हणतात, डेपोवर स्वस्त आणि बाहेर महाग अशी दोन भावांची वाळू ठेवणं म्हणजे चोरीला आमंत्रण. नदीच्या मधोमध हद्द असल्यामुळे या काठाने बंदी घातली तरी त्या काठाने उपसा चालू राहतो. दोन राज्यांनी मिळून करायचं हे काम दोघांनी आपापल्या कार्यालयात बसून केलं आहे.

आकड्यांचा गोंधळ

मालवाहतुकीतल्या चोरीचा महाराष्ट्राचा स्वतंत्र आकडा मिळत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात चोरी रस्त्यावर झाली, रेल्वेत झाली की दुकानात हे कळतं. गेला तो माल वाहतुकीतला होता की एखाद्याच्या गळ्यातली साखळी, हे कळत नाही. विमा कंपन्यांकडे दाव्यांचे आकडे असतात, पण लहान गाडीमालक आणि आडते मार्गस्थ मालाचा विमाच काढत नाहीत. जागतिक अहवालांत खाद्यपदार्थ हा सर्वाधिक चोरीला जाणारा माल असल्याचं वारंवार येतं, आणि ते आपल्याकडेही लागू पडावं. मात्र ते अहवाल वर्तमानपत्रांच्या बातम्यांवर आणि विमा कंपन्यांवर अवलंबून असतात. बिलोलीतल्या तूट-घटीपर्यंत ते पोहोचत नाहीत.

रेशनच्या बाबतीत आकडे आहेत, म्हणून वादही आहे. सरकारने गोदामातून उचललेलं धान्य आणि घरोघरच्या पाहणीत लोकांनी मिळाल्याचं सांगितलेलं धान्य यांतला फरक म्हणजे गळती. २०११-१२ च्या एकाच पाहणीवरून ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी ती ४१.७ टक्के काढली, तर शांताकुमार समितीने जानेवारी २०१५ च्या अहवालात ४६.७ टक्के. पहिल्या अभ्यासातून सुधारणेची दिशा दिसते असा अर्थ निघाला, कारण २००४-०५ मध्ये गळती ५४ टक्के होती. दुसऱ्यातून व्यवस्था आक्रसून रोख रकमेकडे वळावं असा. २०२४ मध्ये अशोक गुलाटी आणि राया दास यांनी २०२२-२३ च्या पाहणीवरून २८ टक्के, म्हणजे सुमारे २ कोटी टन हा आकडा दिला. गळती घटली यावर त्यामुळे सगळे एकत्र येतात. उरलेल्या २८ टक्क्यांत किती चोरी, किती कुजलेलं धान्य आणि किती पाहणीतली चूक, हे या पद्धतीने सांगता येत नाही. कुटुंबाने विकलेला तांदूळ कोणत्या रकान्यात गेला, हेही नाही.

उपायांवरून तट

एक मोठा गट तंत्रज्ञानाच्या बाजूचा. जीपीएस, इलेक्ट्रॉनिक कुलूप, फास्टॅगची नोंद, ऑनलाइन वाहन-पडताळणी. परतीच्या भाड्यात फसलेल्या व्यापाऱ्यांसाठी यातली शेवटची गोष्ट लगेच उपयोगाची आहे, आरसीवरची माहिती सरकारी ॲपवर दोन मिनिटांत तपासता येते. आक्षेप असा की जीपीएस गाडी कुठे आहे ते सांगतो, तिच्यात काय आहे ते नाही. शिवाय नोंद पाहणाराच सामील असेल तर नकाशावरची रेघ कुणाला दिसणार?

दुसरा गट भावातली तफावत काढून टाका म्हणतो. त्याचा एक प्रयोग नांदेड-लातूरमध्ये चालूच आहे. २०२३ पासून मराठवाडा आणि पश्चिम विदर्भातल्या १४ शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये मिळू लागले, पुढे १७०. जिथे ट्रकच नाही तिथे ट्रकमधली चोरीही नाही, हे खरं. पण १७० रुपयांत बाजारात पाच किलो गहू मिळणं कठीण, आणि बँकेत जायला बिलोलीच्या खेड्यातल्या माणसाचा दिवस मोडतो. दुसरा प्रयोग पलीकडच्या काठावर आहे. तेलंगणाने एप्रिल २०२५ पासून रेशनवर बारीक तांदूळ द्यायला सुरुवात केली. लोकांना आवडतो तो तांदूळ दिला की ते खातील, विकणार नाहीत, अशी त्यामागची अपेक्षा. उलटा धोका असा सांगितला जातो की बारीक तांदळाला बाजारात जास्त भाव आहे. याचा निकाल मांजरेच्या दोन्ही काठांवर एकाच वेळी तपासता येईल. अभ्यासकांनी ही संधी दवडू नये.

तिसरा वाद सगळ्यांत नाजूक, आणि ठगीच्या जुन्या वादाचं शेपूट इथेच येतं. महामार्गावर चोरी झाली की ठराविक वस्त्यांवर धाड पडते, आणि त्या बहुतेक पारधी वा इतर विमुक्त समाजाच्या असतात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण सराईत गुन्हेगारांच्या कायद्यांतून त्याची छाया राहिली. पोलीस म्हणतात, आम्ही पूर्वनोंदी आणि मोबाइल टॉवर पाहून जातो, जात पाहून नाही. कार्यकर्ते म्हणतात, पूर्वनोंदीच जातीने तयार झाल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता प्रकरणातल्या निकालात विमुक्त समाजातल्या लोकांना मनमानी अटक होणार नाही याची काळजी घ्यायला पोलिसांना बजावलं. मला यात एक साधी विसंगती दिसते. ताडपत्री फाडणाऱ्याची जात बातमीत येते. तो माल विकत घेणाऱ्या दुकानदाराची येत नाही, बहुतेक वेळा त्याचं नावही नाही. चोरीचा माल घेणारा आहे म्हणून चोरी होते, आणि या अंगाने तपास फार पातळ आहे.

नुकसान कोणाच्या खात्यात

१८६५ चा वाहतूकदार कायदा जाऊन २००७ चा रस्ता मालवाहतूक कायदा आला, तो १ मार्च २०११ पासून लागू आहे. माल हरवला तर वाहतूकदार जबाबदार, असं तत्त्व त्यात आहे. मात्र पाठवणाऱ्याने मालाची जास्त किंमत जाहीर करून जास्त जोखमीचं भाडं दिलं नसेल, तर नियमांप्रमाणे भरपाई भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. लातूरहून निघालेल्या दहा-बारा लाखांच्या तुरीचं भाडं तीस हजार असेल तर भरपाई तीन लाख. उरलेले सात-नऊ लाख गेले कुठे, हा प्रश्न व्यापाऱ्याला चोरीनंतर पडतो. वाहतूकदार संघटना म्हणतात, मर्यादा नसेल तर एका चोरीत गाडी विकावी लागेल, आणि ट्रक बहुतेक कर्जाचा असतो. हे म्हणणंही डावलण्यासारखं नाही.

विमा असला तरी कंपनी पोलिसांचा 'अ' समरी अहवाल मागते: गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाहीत. तो न्यायालयातून मंजूर होईपर्यंत महिने जातात. बनावट चोऱ्या दाखवून विमा उकळण्याचे प्रकार असल्याने कंपन्या संशयाने वागतात, आणि त्याचा भार प्रामाणिक दावेदारावर पडतो. चालकाचं नाव तर कुठल्याच कायद्यात नुकसान झालेला म्हणून येत नाही, संशयित म्हणून मात्र पहिलं येतं.

नव्या संहितेची ११२ आणि ३०५ कलमं यातलं काय बदलतात, हे इतक्यात ठरणार नाही. त्यासाठी निदान त्या कलमांखालचे गुन्हे मालाच्या प्रकारानुसार वेगळे मोजले गेले पाहिजेत, आणि नांदेड, लातूर, धाराशिव, निजामाबाद, कामारेड्डी या जिल्ह्यांच्या पोलिसांनी आपल्या नोंदी एकमेकांना दाखवल्या पाहिजेत. तोवर माल पाठवणाऱ्या शेतकऱ्याने आणि आडत्याने एवढं तरी करावं: बिल्टीवर मालाची खरी किंमत लिहून घ्यावी, गाडीची आरसी ॲपवर स्वतः तपासावी, आणि माल पोहोचला नाही तर आश्वासनांवर न थांबता बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी. ही मुदत टळली की दावा चालत नाही.